घरातली उतरंड

ताडीवाला रोडला, रेल्वे लायनीच्या अंगाला आमची खोली होती. दहा बाय बाराची. तीत सासूबाई, आमचे हे, मी, थोरला, मधला, धाकटी आणि भिंतीवर बाबासाहेब अन् सावित्रीबाई. शिरगणतीला बाई आली तेव्हा मी आठ माणसं सांगितली. ती म्हणाली, "फोटो धरायचे नसतात." म्हटलं, "बाई, दिवसभर या घराकडं लक्ष ठिवून असनारी हीच दोघं हायेत. बाकीचे जेवायपुरते येत्यात."

पोरांनो, तुम्ही मला म्हणालात, चळवळीच्या आठवणी लिहा. माझी चळवळ सगळी स्टोव्हपाशी झाली. तिथलंच लिहिते. हसू आलं तर हसा. पण वाचून झाल्यावर आपापल्या घरात एकदा बघा.

जुलै १९७८ मध्ये विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि तिकडं मराठवाड्यात आपल्या लोकांची घरं जळाली. थोरला तेव्हा कॉलेजात होता. त्या दिवसापासून घर म्हणजे त्याची पायताणं काढायची जागा झाली. नाव लागायला पुढं १४ जानेवारी १९९४ उजाडला. एवढ्या वर्षांत किती मोर्चे निघाले त्याचा हिशोब तुमच्याकडं असेल. चहा किती उकळला त्याचा माझ्याकडं आहे.

आमची खोली स्टेशनाजवळ. कार्यकर्ता सोलापूरच्या गाडीनं येवो नाहीतर मुंबईच्या, उतरला की सरळ आमच्या दारात. बैठक आठची ठरायची, साडेदहाला सुरू व्हायची. सासूबाई कोपऱ्यात तोंडावर पदर घेऊन झोपायच्या आणि मध्येच पदराखालून विचारायच्या, "संपला का गं जातिवाद?" मी म्हणायची, "नाही आत्याबाई, अजून अध्यक्षांचं राहिलंय."

घरात कप सहा, त्यातल्या एकाचा कान तुटलेला. माणसं चौदा-पंधरा. चहा पाळीपाळीनं. कान तुटलेला कप मी लांबण लावणाऱ्या वक्त्याला द्यायची. बोटाला चटका बसला की भाषण आटपायचं. रॉकेल रेशनवर, साखर रेशनवर, आणि दोन्ही रांगांत मी.

थोरला घर सुधारायच्याही मागं लागला होता. मला म्हणाला, "आई, बाबांना मालक म्हणू नको. ही गुलामीची भाषा आहे."

"मग काय म्हणू?"

"साथी म्हण."

हे रेल्वेत खलाशी. दुसऱ्या दिवशी रातपाळी करून आले, तशी मी मोठ्यानं म्हटलं, "साथी, दळण आणा!" त्यांनी आधी मागं वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. कुणी दिसेना, तेव्हा मला म्हणाले, "कुनाला पाठिवतीस? मी दमलोय." दळण मीच आणलं. मालक गेले, साथी आले, डबा माझ्याच डोक्यावर.

मग पोरांनी अंक काढायचं ठरवलं. कुठल्याशा ऑफिसातलं सायक्लोस्टाइलचं मशीन रविवारपुरतं मिळालं. मधल्याचं अक्षर चांगलं, तो स्टेन्सिल कापायचा. हँडल फिरवायला सगळे तयार, शाई पुसायला मी. ओली पानं खोलीभर पसरलेली. कपडे वाळत घालायच्या दोरीवर अग्रलेख, सासूबाईंच्या अंथरुणावर कविता. पानं वाळेपर्यंत चूल बंद, वाफ नको म्हणून. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी चुरमुरे खाल्ले. माझ्या एकुलत्या एका बऱ्या लुगड्यावर अर्धी कविता उमटली, ती उलटी. धुऊन गेली नाही. पुढं दोन वर्षं मी ते नेसून लग्नकार्याला जायची, म्हणजे अंकाचा खप माझ्यामुळं बराच झाला. बिघडलेली पानं मात्र टाकून दिली नाहीत. त्यांची पाठकोरी बाजू धाकटीला गणितं सोडवायला झाली.

आता मूळ गोष्ट.

१९८० साल. धाकटी दहावीला होती. हुशार होती, पण गणिताला घाबरायची. त्या जानेवारी-फेब्रुवारीत बैठका फार. एका रात्री थोरला बाबासाहेबांचं भाषण समजावून सांगत होता, जुलै १९४२ चं, नागपूरच्या महिला परिषदेतलं. लग्न झालेल्या पोरीनं नवऱ्याची मैत्रीण व्हावं, बरोबरीनं राहावं, त्याची दासी व्हायला नकार द्यावा, असं बाबासाहेब तिथं म्हणाले होते. थोरल्याचा आवाज चढला. पोरांच्या अंगावर काटा आला, माझ्याही आला. आणि त्याच दमात, त्याच आवाजात तो म्हणाला, "आई, च्या टाक!"

माझे हात पिठात होते. मी धाकटीला म्हटलं, "टाक गं."

ती पुस्तक पालथं घालून उठली. मला तेव्हा हसू आलं होतं. दासी व्हायचं नाही आणि च्या टाक, एका श्वासात! दुसऱ्या दिवशी नळावर बायांना मी त्याची नक्कल करून दाखवली. सगळ्या हसून हसून हंड्यावर बसल्या. धाकटीही तिथंच होती. ती हसली नाही, हे मला नंतर आठवलं.

जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळ्यात पास, गणितात अठ्ठावीस. थोरला उखडला. "तुला काय कमी होतं? समोर सावित्रीबाईंचा फोटो, घरात पुस्तकं! समाज काय म्हणेल?"

धाकटी रडली नाही. तिनं वहीतून एक पान काढलं. अंकाचंच बिघडलेलं पान. पाठीमागं बारीक रेघा मारलेल्या. जानेवारीपासून परीक्षेपर्यंत बैठका अकरा, चहा एकशे त्र्याऐंशी कप. कपबशा धुतल्या तेवढ्याच. खाली तिनं आणखी एक रकाना पाडला होता, चहा कुणी सांगितला त्याचा. दादा तीन. आई आठ.

थोरला गप्प झाला. पण पोरांनो, तो रकाना त्याला नव्हता, मला होता. तो मला सांगायचा आणि मी तिच्याकडं ढकलायची. एवढ्या सोप्या हातानं ढकलायची, की मला ते माहीतही नव्हतं.

आमच्या गावाकडच्या घरात मडक्यांची उतरंड होती. तळाला मोठं मडकं, वर लहान, त्याहून वर आणखी लहान. सगळ्यांचा भार तळाच्यावर. जातीलाही आपण उतरंडच म्हणतो. बाबासाहेबांनी दाखवून दिलं, की ही व्यवस्था टिकते कारण यात प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतं, आणि आपण निदान कुणाच्या तरी वर आहोत यात जो तो समाधान मानतो. हे मी बैठकीत बसून नाही, दाराआड उभी राहून शंभरदा ऐकलं होतं. पण उतरंड माझ्याच खोलीत उभी होती. सासूबाईंनी मला सांगायचं, मी धाकटीला, आणि धाकटीच्या खाली फक्त स्टोव्ह. तळाला ती, सगळ्यात कोवळी, आणि तिच्याच डोक्यावर सगळा भार.

त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी उठून घराचा कायदा केला. जो बैठक बोलवील त्यानं चहा करायचा, कप त्यानंच धुवायचे. ह्यांना म्हटलं, "साथी, तुमालाबी लागू हाय."

थोरल्यानं पहिल्यांदा स्टोव्ह पेटवला तो दिवस मी विसरणार नाही. पंप मारून मारून भडका उडवला, आधी पिन मारायची असते ते ठाऊक नाही. डावी भुवई अर्धी गेली. संध्याकाळी पोरांनी विचारलं, "दगडफेकीत लागलं का रे?" तो मान हलवणार, तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाई पदराखालून बोलल्या, "स्टोव्हफेकीत!" चहा मात्र सगळ्यांनी मुकाट्यानं प्यायला. साखर नव्हतीच त्यात.

ह्यांना वेळ लागला. चहा करणं म्हणजे बायकीपणा, असं त्यांच्या मनात. तेव्हा धाकटीनं त्यांना वाचून दाखवलं, की बाबासाहेब स्वतः हौसेनं स्वयंपाक करायचे, त्यांच्या जवळच्या माणसांनी तसं लिहून ठेवलंय. हे फोटोकडं बघत बसले. मग उठून म्हणाले, "पावडर कुठल्या डब्यात?" वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यांनी मला डब्याचा पत्ता विचारला.

धाकटीनं आपल्या हिशोबाचा एक छोटा लेख अंकासाठी लिहिला. पोरं म्हणाली, "चांगलाय, पण घरगुती आहे." घेतला नाही. ह्याच पुण्यात १८५५ साली, जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय'त छापून आला. धर्माला जाब विचारताना आमच्या बाया उघड्यावर, थंडीवाऱ्यात बाळंत होतात हे सांगायला ती विसरली नाही. तिला कुणी घरगुती म्हणालं नसावं. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून लिहायच्या आणि घरच्यांपासून ते कागद वर्षानुवर्षं लपवून ठेवायच्या. 'जिणं आमुचं' पुस्तक निघालं १९८६ ला. ते वाचताना मला आमची रेघांची पाठकोरी आठवली. आपल्या किती बायांचे कागद असे डब्यांच्या मागं राहिले असतील.

धाकटीनं ऑक्टोबरला गणित काढलं. बावन्न मार्क. पुढं ती नर्स झाली, आता निवृत्त आहे. ते पान माझ्या पेटीत आहे. ती माहेरी आली की चहा मी करते, तिला उठू देत नाही. आठ कप कधीच फिटले. पण ती कप ठेवताना दर वेळेला म्हणते, "आई, अजून दोन राहिले."

तर पोरांनो, बैठका घ्या. कुणाच्याही घरी घ्या. फक्त सतरंजी टाकायच्या आधी एकदा विचारा, या घरात दहावीला कोण आहे.

जयभीम.