आधी कैची, मग मशीन
जळगावात माझ्याकडे शिकलेला एक मुलगा आता धुळ्यात सलूनमध्ये काम शिकतोय. ट्रिमर, मशीन, खुर्ची अशी यादी घेऊन आला. त्यासाठी व्याजाने पैसे काढणार होता. म्हटलं, "बेटा, शिकताना उस्तादाची खुर्ची आहेच. तुझ्याजवळ आधी स्वतःची कैची, कंगवा आणि वस्तरा हवा."

मेरठच्या कैचीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. धार लावत राहिलं की चांगली कैची वर्षानुवर्षं चालते. पुढे स्वतःचं काम सुरू केल्यावर, वय १८ पूर्ण असेल तर, २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत न्हाव्यांनाही अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आहे. मशीन तेव्हा घ्यावी.

हुनर हातात येण्याआधीच कर्ज डोक्यावर आलं, तर पहिली कमाई हप्त्यातच जाते.