अरुणाचलाच्या छायेत

१८९६ सालच्या ऑगस्ट महिन्यातील एक सकाळ. मदुरा शहरातील एका घरात सोळा वर्षांचा एक मुलगा इंग्रजी व्याकरणाचा धडा उतरून काढीत बसला होता. धडा पाठ केला नाही म्हणून मास्तरांनी तो तीनदा लिहून आणण्याची शिक्षा केली होती. दोनदा लिहून झाले. तिसऱ्या वेळी मात्र हात थांबला. वही-पुस्तक बाजूस सारून तो मांडी घालून, डोळे मिटून स्वस्थ बसला. थोरला भाऊ जवळच होता. गेले काही आठवडे हा प्रकार तो पाहत होता. ज्याला असे बसावयाचे आहे त्याला घर, शाळा, पुस्तके हा पसारा हवा कशाला, अशा अर्थाचे काहीतरी तो चिडून बोलला. थोरली भावंडे असे पुष्कळ बोलतात आणि धाकटी ते कानाआड करतात. या धाकट्याला मात्र भावाचे म्हणणे अक्षरशः पटले.

मुलाचे नाव व्यंकटरमण. पुढे जग ज्यांना रमण महर्षी म्हणून ओळखू लागले ते हेच. त्यांचा जन्म ३० डिसेंबर १८७९ रोजी तमिळ प्रदेशातील तिरुचुळी या गावी झाला. १८९२ साली वडील वारले आणि दोघे भाऊ मदुरेस चुलत्यांकडे आले. लहानपणी त्यांच्या ठायी वैराग्याचे एकही लक्षण दिसत नव्हते. स्मरणशक्ती चांगली, पण अभ्यासात मन नाही. ओढा सारा कुस्तीकडे, पोहण्याकडे, चेंडूच्या खेळाकडे. झोप तर अशी गाढ, की सवंगडी त्याला निजलेलाच उचलून नेत, चोप देत आणि पुन्हा अंथरुणावर आणून टाकीत. सकाळी त्याला त्याचा पत्ताही नसे!

अशा या मुलाच्या आयुष्यात त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात एक विलक्षण घटना घडली. प्रकृती ठणठणीत असताना, माडीवरच्या खोलीत एकटाच बसला असताना, आपण आता मरणार अशा भयाने त्याला एकाएकी घेरले. त्याने आरडाओरडा केला नाही, कोणाला हाकही मारली नाही. मरण म्हणजे काय ते पाहूनच घ्यावे, असे त्याने ठरविले. तो हातपाय ताणून प्रेतासारखा निजला, ओठ मिटले, श्वास रोखला आणि मनाशी विचार करू लागला : हे शरीर आता स्मशानात जाईल, जळेल, त्याची राख होईल, पण त्याबरोबर ‘मी’ही संपेन काय? शरीर निश्चेष्ट पडले असूनही आत ‘मी’ची जाणीव लख्ख होती. जे मरते ते आपण नव्हे, हे त्याला कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय उमगले. सारा प्रकार अर्ध्या घटकेचा. पण मरणाचे भय जे गेले ते पुन्हा आले नाही.

भावाच्या त्या बोलण्यानंतर, म्हणजे २९ ऑगस्ट रोजी, व्यंकटरमणाने घर सोडले. भावाने महाविद्यालयाची फी भरण्यासाठी पाच रुपये नेण्यास सांगितले होते. त्यांतले त्याने तीनच घेतले आणि दोन एका चिठ्ठीसह ठेवून दिले. ती चिठ्ठी मोठी पाहण्यासारखी आहे. तिची सुरुवात ‘मी’ या शब्दाने होते. पुढच्याच वाक्यात त्या ‘मी’चे ‘हे’ होते, जणू कोणा वस्तूविषयी लिहावे तसे. आणि शेवटी सहीच्या जागी नाव नाही, नुसती रेघ आहे. आपली फी भरलेली नाही, हे भावाला कळविण्यास मात्र तो विसरला नाही!

जावयाचे होते तिरुवण्णामलैला, अरुणाचल पर्वताच्या पायथ्याशी. त्या नावाने त्याला लहानपणापासून भारून टाकले होते. नकाशा जुना असल्यामुळे त्या गावापर्यंत आगगाडी जाते हेही त्याला ठाऊक नव्हते. वाटेत पैसे संपले. मग पायपीट झाली, उपास घडला. शेवटी कानांतील सोन्याच्या बाळ्या चार रुपयांस गहाण ठेवून त्याने पुढचा प्रवास केला. त्या सोडवावयाच्या नव्हत्याच, म्हणून त्यांची पावतीही फाडून टाकली. १ सप्टेंबरच्या सकाळी तो अरुणाचलेश्वराच्या मंदिरात पोहोचला. त्यानंतर पुरती त्रेपन्न वर्षे त्याने ते स्थान सोडले नाही.

आरंभीचे दिवस फार कठीण होते. मंदिरातील पाताळलिंग नावाच्या अंधाऱ्या भुयारात तो बसून राहिला. किड्यामुंग्यांनी मांड्या फोडल्या, जखमा वाहू लागल्या. टवाळ पोरांनी दगड मारले. त्याला कशाचेच भान नव्हते. अखेर इतरांनीच त्याला उचलून बाहेर आणले.

पण इकडे घरी एक आई होती. तिच्या बाजूने पाहिले, तर ही कथा इतकी सरळ राहत नाही. नवरा गेलेला, मुलगा बेपत्ता झालेला; दोन वर्षे शोध घेतल्यावर ठावठिकाणा लागला, तेव्हा १८९८ च्या डिसेंबरात अळगम्माळ थोरल्या मुलाला घेऊन तिरुवण्णामलैला आली. जटा वाढलेल्या, अंगाला मळ साचलेल्या, खडकावर बसलेल्या त्या तरुणाला तिने ओळखले आणि घरी चलण्याविषयी विनविले. एक दिवस नव्हे, अनेक दिवस ती खाद्यपदार्थ घेऊन येई, रडे, रागावे. मुलगा मौन धरून बसे. कधी उठून निघूनही जाई. पाहणाऱ्यांपैकी एकाने कळवळून कागद-पेन्सिल पुढे केली, तेव्हा त्याने एवढेच लिहिले, की प्रारब्धात जे आहे ते टळत नाही. आई रिकाम्या हातांनी परतली. ज्या शांतीसाठी आईचे डोळे असे ओले राहतात, ती शांती खरी कशी, असा प्रश्न येथे कोणाही वाचकाच्या मनात येईल. तो येणे योग्यच आहे.

पुढे महर्षी डोंगरातील विरूपाक्ष गुहेत राहू लागले. लोक प्रश्न घेऊन येत. एकाला त्यांनी मौनातच, लिहून उत्तरे दिली. त्यांतून ‘मी कोण?’ हे लहानसे पुस्तक तयार झाले. त्यांचा मार्ग सांगावयास सोपा आहे. समजा, एखादा मुलगा अभ्यासास बसला आहे आणि त्याचे मन पतंगाकडे धावते. मनाला फटके मारून परत आणण्यापेक्षा त्याने विचारावे, पतंगाचा हा विचार कोणाला आला? मला आला. मग हा ‘मी’ कोण? उत्तर शब्दांत द्यावयाचे नाही. त्या ‘मी’चा उगम आत शोधावयाचा. शोध लागला की विचारांचा गलबला आपोआप ओसरतो. करावयास हे किती अवघड आहे, ते दोन मिनिटे बसून पाहिल्यासच कळते. त्यासाठी घरदार सोडा, असे मात्र महर्षींनी कोणाला सांगितले नाही. गृहस्थ असा प्रश्न घेऊन आले, तर ते त्यांना घरीच परत पाठवीत.

आई पुन्हा आली. १९१४ साली भेटीस आली असता तापाने आजारी पडली, तेव्हा पूर्वी मौन धरून बसणाऱ्या मुलाने तिच्यासाठी अरुणाचलाची प्रार्थना करणारी पद्ये रचली. १९१६ साली ती कायमचीच तेथे राहण्यास आली. थोड्याच दिवसांत बिऱ्हाड वर स्कंदाश्रमात गेले आणि तिने तेथे चूल मांडली. तोपर्यंत सारे भिक्षेच्या अन्नावर राहत. आता रोजचा स्वयंपाक होऊ लागला.

१९ मे १९२२ हा तिचा शेवटचा दिवस. त्या दिवशी महर्षी सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्या उशाशी बसून होते, एक हात तिच्या मस्तकावर, दुसरा छातीवर. मंत्र नाही, उपदेश नाही. रात्री आठच्या सुमारास तिने प्राण सोडला. मग ते उठले आणि सर्वांबरोबर जेवावयास बसले.

तिची समाधी डोंगराच्या पायथ्याशी बांधण्यात आली. महर्षी स्कंदाश्रमातून रोज खाली तेथे येत. त्याच वर्षाच्या अखेरीस एके दिवशी आले, ते परत वर गेलेच नाहीत. आजचा रमणाश्रम त्या समाधीभोवती वाढला आहे. आश्रमाच्या स्वयंपाकघरात महर्षी कित्येक वर्षे पहाटे उठून भाजी चिरीत, चटणी वाटीत, आणि सर्वांच्या पानांत जे पडे तेच आपण खात. १४ एप्रिल १९५० रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधीही तेथेच, आईच्या मंदिराला लागून आहे.