तलावाची उथळ बाजू

विद्यापीठाच्या आवारात जलतरण तलाव बांधायचं ठरलं की पहिला आग्रह असतो तो पन्नास मीटर लांबीचा आणि सगळीकडे सारख्या खोलीचा. पोहायला शिकवणारा म्हणून माझं मत वेगळं आहे: आवारातला तलाव आधी न पोहणाऱ्यांसाठी असावा, त्याची एक बाजू तरी छातीइतक्या पाण्याची असावी. अठरा-वीस वर्षांच्या शिकाऊला बुडणं म्हणजे काय ते पुरतं कळतं, म्हणून तो मान वर काढतो. मान वर गेली की कंबर आणि पाय खाली जातात, नि मनातली भीती खरी ठरते. पाय टेकतील या भरवशावरच तो तोंड पाण्यात घालून श्वास सोडतो, कठडा सोडून तरंगतो. हात मारणं त्यानंतरचं, आणि बरंच सोपं. पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकललेल्या पिढ्या शिकल्याच की, असं कुणी म्हणेल. शिकले ते सांगायला आहेत. भेदरले ते पुन्हा विहिरीकडे फिरकले नाहीत.

उथळ बाजू ठेवली तर स्पर्धांचं काय, हा आक्षेप रास्त आहे. पण सूर मारण्याच्या ब्लॉकपुढे १.३५ मीटर पाणी असलं की शर्यती घेता येतात. वॉटर पोलोला सगळीकडे १.८ मीटर लागतं. तो खेळ सोडावा लागला तर सोडावा. पाण्याच्या नासाडीचा आक्षेप मात्र ऐकीव आहे. तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून फिरवलं जातं; बाष्पीभवन आणि फिल्टरच्या धुण्यात जाईल तेवढीच भर घालावी लागते. पदवीचा आणि पोहण्याचा संबंध काय, असंही विचारतात. अमेरिकेत एमआयटीत पदवीआधी शंभर यार्ड पोहून दाखवावं लागतं, नाहीतर वर्ग करावा लागतो. कोलंबियात अशीच अट आहे, अभियांत्रिकीवाल्यांना मात्र सूट (का, ते त्यांनाच ठाऊक!). अशी सक्ती तलाव न पाहिलेल्या मुलांवर अन्याय करते, हे मला पटतं. म्हणून परीक्षा नको. शिकवणी हवीच, कारण त्याच मुलांना ती दुसरीकडे मिळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. तलावात शिकलेला धरणाच्या ओढीत तरेलच असं नाही. पण कुठल्या पाण्यात उतरू नये, हेही शिकवणीतच सांगता येतं.

नवा तलाव होईल तेव्हा होईल. आहे तिथे संध्याकाळची वेळ संघाला आणि दुपारचं टळटळीत ऊन शिकाऊंना, ही वाटणी क्रीडा विभागांनी या सत्रापासून बदलावी.