बॅलेलाही गोत्र असतं

चि. मीनल हिस,


तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. भरतनाट्यम ‘अभिजात’ आणि लावणी ‘लोकनृत्य’ अशी वाटणी तू पहिल्याच पानावर करून टाकली आहेस. ती करण्याआधी जोअन केआलीइनोहोमोकु या अमेरिकी मानवशास्त्रज्ञ बाईंचा १९७०च्या सुमाराचा बॅलेवरचा निबंध वाच. अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या आणि हवाई बेटांवरच्या नृत्यांच्या या अभ्यासक. त्याच नजरेने त्यांनी बॅलेकडे पाहिलं. तिथे हंसाला मान आहे, मगरीला आणि डुकराला नाही. गुलाब, लिली चालतात, नारळ आणि अळू चालत नाहीत. बाईचे पाय पूर्ण दिसलेले चालतात, देह मात्र सडपातळ, वर ताणलेला हवा. लग्न, बारसं, शोक, सगळं युरोपच्या रीतीचं. मग होपींचं नृत्य तेवढं ‘एथनिक’, म्हणजे एका समाजापुरतं, आणि बॅले सगळ्या जगाचा, हे कसं? आदिम म्हटली जाणारी नृत्यं कुणा एकाची नसतात, समूहातून आपोआप उगवतात, हा समजही त्यांनी खोडून काढला.

हा समज आपल्याकडे लावणीला चिकटला आहे. वास्तविक शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. राम जोशी, होनाजी, परशराम यांना अनामिक कोण म्हणेल? आणि बैठकीच्या लावणीत बसल्या जागी एकच ओळ घोळवत दर वेळी निराळी अदा दाखवायची, हे तालमीशिवाय साधत नाही. उलट मद्रासेत १९३०च्या दशकात देवदासींच्या सादिर या नाचाचं भरतनाट्यम झालं, १९३६मध्ये रुक्मिणीदेवींनी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था काढली. नाचाचा गाभा बराचसा तोच राहिला, नाचणाऱ्यांची जात बदलली. गंमत म्हणजे रुक्मिणीदेवींना नृत्याकडे वळवलं ते आन्ना पावलोवा या बॅले नर्तिकेने.

तू म्हणशील, सगळंच एथनिक ठरलं तर शब्दाला अर्थ काय उरला? दर्जा ठरवायला तो निरुपयोगी होतो, हे खरं, आणि व्हावाच. नृत्यामागे कुणाची अभिरुची आहे हे विचारायला तो पुरतो. बॅले हवानात आणि तोक्योतही नाचतात, या आक्षेपात मला दम वाटत नाही. पसरल्याने उगम पुसला जात नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. बाईंच्या त्या निबंधात उतरंड आहे ती पाश्चात्त्य आणि इतर यांच्यातली. आपल्याकडे ती एकाच समाजाच्या पोटात, जातीची आहे. तिथे समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांचं लावणीवरचं लेखन जास्त उपयोगी पडेल. ‘लोककला’ या शिक्क्यावर पुरस्कार आणि अनुदानं मिळतात, म्हणून कलावंतांनाही तो हवासा वाटतो, हा मुद्दा मात्र वजनदार आहे. त्याला बगल देऊ नकोस. त्यातलं काय फडमालकाकडे जातं आणि काय नाचणारीच्या हाती पडतं, याचं वेगळं प्रकरण कर.

तुझा,
काका