मृगाचा दुसरा पाहुणा

मृगाच्या सरी कोसळून गेल्या की माळावर लाल मखमली किडा दिसू लागतो. म्हातारी माणसं त्याला पाहून हरखतात, मुलं काडेपेटीत हिरवा पाला अंथरून त्याला शाळेत नेतात. कुणी तो तळहातावर घेऊन दुसऱ्याला दाखवतं, ‘बघ, मृग लागला.’ त्याच पावसानं, त्याच मातीतून आणखी एक जीव वर येतो. तो दिसला की पाय मागे घेतला जातो, तोंडातून ‘ई’ निघतं, खराटा शोधला जातो, नाहीतर स्वयंपाकघरातून मिठाची बरणी येते. पाऊस आल्याची खबर दोघंही आणतात. एकाचं कौतुक होतं आणि दुसऱ्याचा जीव जातो, हे मला फार वर्षं खुपत आलं आहे.

उन्हाळाभर हे गांडूळ कुठे असतं, याचा विचार आपण करत नाही. माती वरून तापत, वाळत जाते तसं ते खाली सरकतं. ओल जिथे तग धरून असते तिथे एक छोटीशी पोकळी करतं, तिला अंगातल्या चिकट द्रवाचं अस्तर लावतं आणि स्वतःची गाठ मारून पडून राहतं. खाणं नाही, हालचाल नाही. वर आपण पंख्याखाली घामाघूम होऊन पावसाची वाट पाहत असतो, तेव्हा पायाखाली, हातभर खोलीवर, तेही तीच वाट पाहत असतं. झिरपत आलेलं पाणी त्याच्यापर्यंत पोचलं की ती गाठ सुटते.

मग ते वर का येतं? शाळेत एका वाक्यात उत्तर मिळायचं: बिळात पाणी शिरतं आणि ते बुडायला लागतं. हे अर्धंच खरं आहे. गांडुळाला फुप्फुसं नाहीत, ते ओल्या कातडीनं श्वास घेतं, आणि पाण्यात प्राणवायू विरघळलेला असेल तर अनेक जाती पाण्याखालीही काही दिवस जगतात. मात्र भरून राहिलेल्या मातीत, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात हा प्राणवायू लवकर संपतो. ज्या जातींना तो जास्त लागतो त्या आधी बाहेर पडतात. शिवाय प्रवासाची संधी असते. मातीच्या आत बोटभर पुढे सरकायचं तरी माती रेटावी लागते, नाहीतर खाऊन वाट करावी लागते. ओल्या जमिनीवरून तेच गांडूळ एका रात्रीत कितीतरी लांब जाऊ शकतं. पाऊस म्हणजे त्याच्यासाठी घर बदलायचा मुहूर्त.

आणखी एक कारण आहे, ते समुद्रापार अमेरिकेत, फ्लोरिडातल्या सॉपचॉपी नावाच्या गावाच्या आसपास दिसतं. तिथले लोक जंगलात लाकडाचा खुंटा ठोकतात आणि त्याच्या माथ्यावर लोखंडी पट्टी घासतात. जमीन घुमायला लागते आणि आजूबाजूला गांडुळं भराभर वर येतात. मासेमारीच्या आमिषासाठी ती गोळा करून विकली जातात, त्यावर तिथली घरं चालत आली आहेत. केनेथ कॅटेनिया या संशोधकानं 2008 साली दाखवून दिलं, की ही थरथर गांडुळाला चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या, जमीन पोखरत येणाऱ्या ‘मोल’ची चाहूल वाटते. मोल जमिनीखालीच शिकार करतो, म्हणून गांडूळ वर पळतं. अशी समजूत डार्विनच्या काळातही होती, त्यानं ती नोंदवून ठेवली आहे.

डार्विनचं नाव घेतलं की आपल्याला माकड आठवतं. त्याच्या आयुष्यातलं शेवटचं पुस्तक गांडुळांवर आहे. ते 1881च्या ऑक्टोबरात निघालं, काही आठवड्यांत त्याच्या हजारो प्रती खपल्या, आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो गेला. गांडुळांचा नाद मात्र तरुणपणापासूनचा. 1837 सालीच त्यानं लंडनच्या भूवैज्ञानिकांसमोर या विषयावर निबंध वाचला होता. त्याच्या घरात मातीच्या कुंड्यांत गांडुळं पाळलेली असत. त्यांना ऐकू येतं का हे पाहायला मुलानं बॅसून वाजवून दाखवला, पियानोवर मोठमोठ्यानं सूर काढले गेले. गांडुळं ढिम्म. तीच कुंडी पियानोवर ठेवून एक सूर वाजवला, तर ती झटकन बिळात शिरली. ऐकू येत नव्हतं, पण लाकडातून मातीत उतरलेला कंप अंगाला कळत होता. 1877 साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, स्टोनहेंजचे पडलेले प्रचंड दगड गांडुळांनी वर आणलेल्या मातीमुळे किती खाली गेलेत हे मोजायला तो गेला. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून वर येते, असा त्याचा हिशेब होता. ज्याच्या मतांनी जग हादरलं होतं तो म्हातारा रात्री दिवा घेऊन कुंड्यांवर वाकलेला असायचा, हे चित्र मला त्याच्या साऱ्या कीर्तीपेक्षा प्रिय आहे.

आमच्या पिढीची आणि गांडुळाची ओळख करून दिली ती मेणाचा थर दिलेल्या ट्रेनं. जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला ते आधीच मारून ठेवलेलं असायचं. टाचण्या लावायच्या, पाठीवरून कात्री चालवायची, आकृती काढायची, वहीवर सही घ्यायची. त्या साऱ्या आकृत्यांमागे लखनौच्या कर्म नारायण बहल यांचा ‘फेरेटिमा’ हा 1926 सालचा ग्रंथ होता, आणि तो मोठ्या निष्ठेनं केलेला अभ्यास होता. आमच्या वाट्याला त्यातली नावं आली, निष्ठा आली नाही. शंभर-एकशेवीस वलयं असतात हे पाठ झालं. ते जिवंत असताना हातावर घेऊन बघा, असं कुणी म्हणालं नाही.

घेऊन बघावं. हात आधी ओला करावा. अंग तपकिरी दिसतं, पण उजेडात कातडीवर निळसर-हिरवी झाक सरकताना दिसते. तोंडाच्या बाजूला, चौदाव्या ते सोळाव्या वलयावर, जरा फिकट, जाडसर पट्टा असतो. पुढे त्यातूनच अंड्यांचा कोश तयार होतो. शेपटाकडून तोंडाकडे बोट हलकेच फिरवलं की खरखर लागते. ते डोळ्यांना न दिसणारे काटे आहेत, एकेका वलयाभोवती रांगेनं बसवलेले. मातीत पकड घ्यायला तेच उपयोगी पडतात. हाड एकही नाही. आतल्या द्रवावर स्नायूंचा दाब देऊन ते घट्ट जमीन भेदत जातं. आपल्याकडे लेचापेचा माणूस दाखवायला भाषणांतून याचं नाव घेतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. मुठीत धरून पाहा त्याची ताकद.

तोडलं की दोन होतात, हाही असाच पसरलेला गैरसमज. तोंडाकडचा भाग वाचला तर शेपूट पुन्हा येऊ शकतं. शेपटाकडचा तुकडा बहुधा तडफडून मरतो. ‘बघूया’ म्हणून पट्टीनं तोडणारी मुलं मी पाहिली आहेत आणि शेजारी उभी राहून हसणारी मोठी माणसंही.

किळस जन्मजात नसते, असं मला कोकणात पाहून वाटतं. पहिल्या पावसात वहाळाला गढूळ पाणी आलं की पोरं केळीच्या बुंध्याखालची ओली माती उकरतात, करवंटीत मातीसकट काडू, म्हणजे गांडुळं, भरतात आणि गरी घेऊन गरवायला जातात. तिथे ‘ई’ कुणी म्हणत नाही. त्यांच्या हातूनही गांडूळ मरतंच, पण ते कशाला लागतं हे ठाऊक असलेल्या हातानं. तिथल्याच झाडीत पावसाबरोबर पोचलेला नवरंग पक्षी पाला उलटून तेच शोधत असतो. आणि खापरखवल्या साप! सह्याद्रीच्या मातीत राहणारा, बिनविषारी, मुख्यतः गांडुळांवर जगणारा. तोही पावसात वर येतो आणि साप म्हणून काठीनं मारला जातो.

शहरात गांडुळाचे हाल होतात ते आपल्या फरशीनं. रात्री ओल्या जमिनीवरून निघालेलं गांडूळ पेव्हर ब्लॉकवर येतं, आणि सकाळपर्यंत त्याला कुठेच माती सापडत नाही. त्याला डोळे नाहीत. उजेड कातडीला कळतो, पण वाट दिसत नाही. ढग फाकले की उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत, कातडी सुकते आणि कातडी सुकली की श्वास थांबतो. दहा वाजेपर्यंत त्याची काळी दोरी झालेली असते. मीठ टाकलं तर हेच मिनिटभरात होतं: अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ते पिळवटत मरतं. ज्या बागेत आपण शंभर रुपयांना गांडूळखताची पिशवी आणून ओततो, तिच्यापासून चार पावलांवर हे चाललेलं असतं. मला हे बघवत नाही.

गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये अशीच सकाळ होती. वॉचमन खराटा घेऊन निघाले होते, शाळेच्या बसची मुलं पायऱ्यांवर चढून किंचाळत होती. मी जास्वंदीचं पान घेऊन एक गांडूळ उचललं, तशी पहिल्या मजल्यावरची दुसरीतली मुलगी एक पायरी खाली आली.

“काकू, चावतं का?”

“त्याला दातच नाहीत गं.”

आणखी एक पायरी. “मग याचं तोंड कुठलं?”

“पट्टा दिसतोय? तो ज्या टोकाजवळ आहे, तिकडचं.”

तिनं रेनकोटची बाही वर केली, बाटलीतलं पाणी हातावर ओतलं आणि तळवा पुढे केला. गांडूळ हातावर आल्यावर तिचे डोळे मोठे झाले, खांदे आक्रसले, पण हात तिनं मागे घेतला नाही. “गुदगुल्या होतायत,” ती म्हणाली. कुंपणाजवळच्या मातीत ते तिनं स्वतः ठेवलं. मग तिला खराट्याचा आवाज ऐकू आला आणि ती बसकडे न जाता उलटी धावली, “वॉचमनकाका, थांबा! झाडू नका ना! लिफ्टच्या तिथे अजून आहेत!”