ताप उतरला आणि...

‘ताई, ताप गेला गं!’ धाकट्याचा सांगलीहून फोन आला, तेव्हा मी साताऱ्याला घरी पोहे खात होते. गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. पाच दिवसांनी ताप उतरला म्हणून आईने देवापुढे साखर ठेवली, मी डेडलाइन गाठायला लॅपटॉप उघडला. चला, सुटलो!

संध्याकाळी परत फोन. ‘ताई, दात घासताना रक्त येतंय. पोटही फार दुखतंय.’ रूममेटला म्हटलं, त्याला लगेच अ‍ॅडमिट कर. आणि मी एसटी पकडली.

कराड आलं आणि एकदम आठवलं. दुसऱ्याच दिवशी तो अंग ठणकतंय म्हणाला, तेव्हा ‘माझी पाठदुखीची गोळी घे’ असं मीच सांगितलं होतं. फोनवर शोधलं. आयबुप्रोफेन! डेंग्यूत टाळायच्या यादीत अ‍ॅस्पिरिनच्या शेजारीच. या गोळ्या प्लेटलेट्सचं काम बिघडवतात, जठराच्या अस्तरालाही त्रास देतात. सांगली येईपर्यंत पोटात नुसता गोळा.

रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स २८ हजार. नॉर्मल दीड लाखाच्या वर असतात. मी लगेच सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘प्लेटलेट्स हव्यात, अर्जंट’ टाकून मोकळी. डॉक्टर मात्र शांत. म्हणाले, ‘नुसत्या आकड्याला घाबरू नका. डेंग्यूत खरा धोका ताप उतरल्यावरच्या २४ ते ४८ तासांत असतो. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं.’ म्हणून मोजूनमापून सलाइन, आणि दर काही तासांनी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय त्याची तपासणी.

नंतर वाचलं, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सिंगापूर-मलेशियातला एक अभ्यास आला होता. रक्तस्राव नसलेल्या रुग्णांना आधीच प्लेटलेट्स दिल्या, तरी पुढचा रक्तस्राव त्याने टळला नव्हता.

मध्यरात्री त्याला डांबरासारखी काळी शी झाली. पोटात रक्तस्राव. हात गार पडले होते. आता डॉक्टरांनी मागवलं ते रक्त. पिशवी थेंबाथेंबाने रिकामी होत होती आणि मी भिंतीला टेकून मनातल्या मनात त्या गोळीशी भांडत होते.

पहाटे त्याला लघवी झाली, नाडी सुधारली. नर्सताई हसल्या, तेव्हा मी रडले.

‘माझ्या गोळीमुळे झालं का?’ मी डॉक्टरांना विचारलंच. ‘सांगता येणार नाही. पण तापात पॅरासिटामॉलच, तीही डॉक्टरांना विचारून.’

तेव्हा मंडळी, ताप उतरला म्हणून लगेच ऑफिस गाठू नका. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शी, ग्लानी, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल.

धाकटा आता ठणठणीत आहे. परवा साताऱ्याला आला, भडंगाचं पुडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, ‘ताई, खाऊ माझा. गोळ्या तुझ्या तुलाच ठेव.’