निजलेल्या यंत्राची जबानी

रास्पबेरी पायच्या वायरलेस अडॅप्टरला ज्या व्याधी जडतात त्यांतील बहुतेक सरळ स्वभावाच्या असतात; ड्रायव्हर चढलेला नसेल, देशाचा संकेत भरावयाचा राहिला असेल किंवा आरएफकिलने रेडिओ अडवून धरला असेल, तर त्याचा खुलासा कर्नलच्या दप्तरात पहिल्याच तपासात सापडतो. जिने माझ्या उमेदीचा काळ व्यापला आणि जी अजूनही मला स्वस्थ बसू देत नाही, ती व्याधी निराळी आहे. अडॅप्टर जागेवर असतो, त्याचा पत्ता शाबूत असतो, राउटरशी संधान जुळलेले असते, आणि तरीही बाहेरून घातलेल्या हाकेला उत्तर येत नाही. पण मी यंत्रापाशी बसून राउटरला एक पिंग पाठविला की सर्व व्यवहार पूर्ववत सुरू होतो, आणि ज्याची फिर्याद होती तो दोषच तपासाच्या क्षणी नाहीसा झालेला असतो.

विजेची बचत व्हावी म्हणून रेडिओला झोपण्याची मुभा आहे. राउटर सामान्यतः दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन सोडतो, निजलेल्या यंत्राच्या नावे आलेली पाकिटे अनामत ठेवतो आणि तशी वर्दी बीकनमधून देतो. यंत्राने तेवढ्यापुरते जागे व्हावे, वर्दी वाचावी आणि आपली ठेव मागून घ्यावी, असा हा मोठा देखणा करार आहे. परंतु जागे होण्याची वेळ किंचित चुकली, वर्दी हुकली, की मुदत संपलेली ठेव राउटर टाकून देतो. यंत्राला स्वतः काही बोलावयाचे असेल तर मात्र ते जागे होतेच. सबब माझा पिंग निदान करीत नसून निद्राभंग करीत असे.

त्यात याच चेहऱ्याची दुसरी एक व्याधी आहे, ती म्हणजे उपासमार. बारीक तारेच्या चार्जिंग केबलमुळे बोर्डावरील दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की यंत्र कमी दाबाची नोंद करते, आणि यूएसबीचा अडॅप्टर ऐन प्रक्षेपणाच्या वेळी गळून पडून पुन्हा नव्या क्रमांकाने हजर होतो. घरमालकाच्या लेखी दोन्ही प्रसंगी ‘वायफाय जातं’ एवढेच घडते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या हाताखाली शिकावयास आलेल्या मुलीने मला विचारले, “सर, तुम्ही विचारता म्हणून तो जागा होतो. मग न विचारता त्याचं ऐकायचं कसं?” तीन तारांची सिरीयल केबल माझ्या पेटीत होतीच, जे बोर्ड बूटच होत नाहीत त्यांच्यासाठी मी ती राखून ठेवली होती. आता मी प्रथम तीच जोडतो, ११५२०० बॉडवर कन्सोल उघडतो, रेडिओला यत्किंचितही न डिवचता कर्नलच्या नोंदी आणि आलेल्या पाकिटांचा आकडा पाहत राहतो, आणि दुसऱ्या संगणकावरून दीर्घ अंतराने हाक घालतो. डिस्कनेक्टची नोंद उमटली तर केबल आणि अडॅप्टर तपासावयाचे. नोंद काहीच नाही आणि आकडाही हलत नाही, तर पॉवर सेव्ह बंद करून तितकीच शांतता पुन्हा पाळावयाची. बंदोबस्त कायमचा हवा म्हणून नेटवर्कमॅनेजरच्या फाइलीत पॉवरसेव्हपुढे २ लिहावयाचे. तेथे २ म्हणजे बंद.

क्रॉनमध्ये दर मिनिटाच्या पिंगची ओळ लिहून किंवा रोज रात्री रीबूटचा हुकूम सोडून मोकळे होणाऱ्या व्यवसायबंधूंविषयी मला आदर वाटत नाही. ग्राहक संतुष्ट होतो हे खरे. पण कारण तसेच पुरले जाते, आणि ते उपासमारीचे असेल तर भुकेल्या यंत्रावर आणखी श्रम लादले जातात. २०१६ साली पाय ३ बरोबर रेडिओ बोर्डावरच आला तेव्हापासून चिपचे नाव विचारणारी माणसेही विरळ झाली, याची मला खंत आहे.

या खंतीत अहंकार मिसळलेला आहे. सर्वांनी हात टेकल्यावर मला बोलावणे यावे, ही माझी जुनी आणि आवडती हौस आहे. आणि मौनाने तपास करण्याची ही रीत मी लोकांना इतक्या अभिमानाने समजावून सांगतो की तिच्या मुळाशी असलेला प्रश्न कोणाचा, हे सांगावयास माझी जीभ अद्याप वळलेली नाही.